उपोषणाचे दिवस शरीर कसे मोजतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

आधीच सांगून टाकतो. आरक्षण कुणाला, किती, कुठल्या प्रवर्गातून, यावर या पोस्टमध्ये एक ओळही नाही. त्यावर बोलायला आपल्या तालुक्यात माणसं कमी नाहीत. मला बोलायचंय ते पोटाबद्दल, लिव्हरबद्दल आणि किडनीबद्दल. कारण अंबड तालुक्याचं नाव आज महाराष्ट्रात कुठंही घेतलं तरी समोरच्याला पहिली आठवण येते उपोषणाची. आणि ज्या गोष्टीमुळे आपण ओळखले जातो, ती गोष्ट शरीराच्या आत नेमकं काय करते हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नाही.

२९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. १४ सप्टेंबरला, सतराव्या दिवशी, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि उपोषण सुटलं. २५ ऑक्टोबरला पुन्हा बसले, ते २ नोव्हेंबरला सुटलं. मग २०२४ मध्ये अनेकदा, २०२५ च्या जानेवारीत, आणि २९ ऑगस्ट २०२५ ला थेट मुंबईच्या आझाद मैदानावर. तिथलं २ सप्टेंबरला सुटलं. इकडे जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणासाठी वडीगोद्रीत उपोषण केलं, ते २२ जूनला सुटलं. अंतरवाली आणि वडीगोद्री यांच्यात काही किलोमीटरचं अंतर. तालुका एक, मागण्या समोरासमोर, आणि हत्यार दोन्हीकडे एकच. स्वतःचं शरीर.

या सगळ्या काळात चहाच्या टपरीवर दोन वाक्यं सारखी ऐकली.

एक: "सहाव्या दिवशी माणूस माईकवर बोलतोच कसा? रात्री गुपचूप खातच असणार."

दुसरं: "आपला माणूस पोलादाचा हाय. पाणी सोडलं तरी काय होत नाही त्याला."

पहिलं वाक्य विरोधकाचं, दुसरं समर्थकाचं. नेता बदलला की वाक्यं तीच राहतात, बोलणारी तोंडं बदलतात. माझं म्हणणं असं की दोन्ही वाक्यं अज्ञानातून येतात, आणि दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

मी डॉक्टर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण खाली जे शरीराबद्दल लिहितोय ते शरीरशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवून खात्री करून घ्या.

*उपवास वेगळा, उपोषण वेगळं*

आपल्याला उपवास माहीत आहे. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात नऊ दिवस धरणारी माणसं घरोघरी आहेत. पण त्यात साबुदाणा आहे, भगर आहे, शेंगदाणे आहेत, दूध आहे, केळी आहेत. एकादशी दुप्पट खाशी हे आपण उगाच म्हणत नाही. म्हणून "आमची आई नऊ दिवस धरते, तिला काय होतंय" ही तुलनाच चुकीची आहे. आमरण उपोषणात पोटात काहीच जात नाही. तिथं शरीराचा सगळा कारभार बदलतो.

हा कारभार समजायला जुनं घर डोळ्यासमोर आणा. स्वयंपाकघरात डब्यात पीठ असतं. आतल्या खोलीत कोठीत ज्वारी असते. आणि घर उभं असतं वाशांवर. दुष्काळ पडला की आधी डब्यातलं पीठ संपतं, मग कोठी उघडते. कोठीही संपली की चूल पेटवायला माणूस घराचेच वासे काढतो. शरीर जवळपास हेच करतं, फरक एवढाच की वाशांना ते थोडाफार हात पहिल्यापासूनच लावतं.

*पहिला दिवस: डब्यातलं पीठ*

जेवलेल्या अन्नातली साखर रक्तात येते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि जादाची साखर लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते. हा साठा साधारण ७० ते १०० ग्रॅमचा. जेवण बंद झालं की लिव्हर ही साखर हळूहळू रक्तात सोडतं. साधारण एका दिवसात डबा रिकामा होतो.

दंडा-मांड्यांच्या स्नायूंमध्येही ग्लायकोजेन असतं, लिव्हरपेक्षा जास्त असतं. पण स्नायू ते स्वतःपुरतं वापरतात, रक्तात परत देत नाहीत. सगळ्या गावाला वाटप करतं ते लिव्हरच.

आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? मेंदू. वजन जेमतेम दीड किलो, शरीराच्या दोन टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा लागणाऱ्या ऊर्जेतली पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा मेंदू घेतो. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर. म्हणून पहिल्या दोन दिवसांत डोकं दुखतं, चिडचिड होते, हातपाय थरथरतात.

*दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून: कोठी उघडते*

आता चरबी वितळायला लागते. पण चरबी जशीच्या तशी मेंदूला चालत नाही. मग लिव्हर चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं, आणि मेंदू हळूहळू त्यावर चालायला शिकतो. पुढे काही आठवड्यांत मेंदूची निम्म्याहून जास्त गरज त्यावर भागते. उपोषणकर्त्याच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, तो याच कीटोनचा.

गंमत बघा, दोन-तीन दिवसांनी भुकेची कळ कमी होते. डोकं थोडं हलकं वाटतं. आवाज खोल गेलेला असतो, पण माणूस बोलू शकतो.

म्हणजे "सहाव्या दिवशी बोलतो कसा?" याचं उत्तर हे आहे. माणसाचं शरीर दुष्काळातून तगून जाण्यासाठीच घडलंय. सहाव्या दिवशी बोलणं हा चोरून खाल्ल्याचा पुरावा होत नाही. तो लिव्हर काम करत असल्याचा पुरावा आहे.

वजनाचंही तसंच. पहिल्या तीन दिवसांत काटा झपाट्याने खाली येतो आणि बातमी होते. त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं. ग्लायकोजेन साठवताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी त्याच्याबरोबर साठलेलं असतं, ते सुटतं. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत लघवीवाटे मीठही बरंच जातं. म्हणून एकदम उभं राहिलं की चक्कर येते. मंडपात उपोषणकर्ता उठताना दोघं जण धरतात, ते नाटक नसतं.

*आणि घराचे वासे*

रक्तातल्या तांबड्या पेशी कीटोनवर चालत नाहीत, त्यांना साखरच लागते. मेंदूलाही थोडी लागतेच. चरबीपासून ती पुरेशी बनत नाही. मग शरीर स्नायूंमधलं प्रथिन मोडून लिव्हरमध्ये साखर तयार करतं. सुरुवातीला हे मोडणं जोरात असतं, कीटोन वाढले की कमी होतं, पण थांबत नाही. कोठी रिकामी झाली की पुन्हा जोर धरतं.

आपल्याला वाटतं स्नायू म्हणजे दंड आणि पोटऱ्या. पण हृदयही स्नायूच आहे. श्वास घ्यायला लागणारा पडदाही स्नायूच आहे. वासे काढताना शरीर फक्त दंडाचे काढून हृदयाचे सोडत नाही. नाडी मंदावते, बीपी उतरतं, अंग गार पडतं. थायरॉइड आपला वेग कमी करतं, म्हणजे घर चालवायचा खर्चच कमी करतं. आतड्यांचं अस्तर, जे एरवी चार-पाच दिवसांत नवं होतं, ते पातळ पडायला लागतं.

१९८१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा कैदी उपोषणात गेले. ते पाणी आणि मीठ घेत होते, तरी ४६ ते ७३ दिवसांत मृत्यू आला. आपल्याकडे १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास त्रेसष्टाव्या दिवशी गेले. स्वतंत्र आंध्रसाठी पोट्टी श्रीरामुलू १५ डिसेंबर १९५२ ला गेले, अठ्ठावन्न दिवसांनी. आंध्र राज्य १ ऑक्टोबर १९५३ ला झालं, ते बघायला ते नव्हते.

इरोम शर्मिला सोळा वर्षं कशा जगल्या, असं कुणी विचारेल. त्यांना कोठडीत नाकातल्या नळीवाटे अन्न दिलं जात होतं. म्हणून.

*पाणी सोडणं ही पुढची पायरी नाही, ते दुसरंच प्रकरण आहे*

आता मुद्द्याचं. आपल्याकडे उपोषणात ठरावीक क्रम झालाय. आधी अन्न बंद. सरकार हललं नाही की "आता उपचार घेणार नाही". तरी हललं नाही की "आता पाणीही बंद". आणि ही घोषणा झाली की मंडपात टाळ्या पडतात, घोषणा होतात, स्टेटस पडतात.

मंडळी, या टाळ्यांबद्दल मला बोलायचंय.

दोन किडन्या मिळून रोज जवळपास १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं आणि दीडेक लिटर लघवी होते. हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातला जवळपास पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. उपोषणात स्नायू मोडले की त्यातून युरिया तयार होतो. म्हणजे बाहेरून अन्न बंद असलं तरी आतला कचरा चालूच असतो. तो बाहेर टाकायला किडनीला पाणी लागतं. कितीही काटकसर केली तरी रोज अर्धा लिटरच्या आसपास लघवी व्हावीच लागते.

पाणी कमी पडलं की मेंदूला लगेच कळतं. रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झालं तरी तहान लागते, आणि किडनीला निरोप जातो की पाणी धरून ठेव. किडनी धरूनही ठेवते. लघवी गडद पिवळी होते, कमी होते. पण घाम आणि श्वासावाटे जाणारं पाणी किडनीला थांबवता येत नाही. आणि आपल्याकडचा जून आठवा, ऑक्टोबर हीट आठवा. पत्र्याखाली किंवा कापडी मंडपात, शेकडो माणसांच्या गर्दीत बसलेल्या माणसाचा घाम आठवा. शिवाय रोजच्या पाण्यातलं पाव-एक पाणी आपल्याला भाजी, वरण, भाकरी, फळं यातूनच मिळत असतं. जेवण बंद झालं तेव्हाच ते बंद झालेलं असतं. म्हणजे उपोषणकर्त्याला एरवीपेक्षा जास्त पाणी प्यावं लागतं, कमी नाही.

अन्नावाचून माणूस आठवडे काढू शकतो. पाण्यावाचून हिशेब दिवसांचा असतो, आणि उन्हाळ्यात तर मोजक्या दिवसांचा. रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, किडनीला रक्तच पोचत नाही. पोटॅशियम वाढलं की हृदयाचा ठोका चुकतो. आणि हे होण्याआधी मंडपातल्या माणसाला काही दिसेलच असं नाही. चेहरा कालच्यासारखाच असतो, रक्ताचा रिपोर्ट मात्र बदललेला असतो.

म्हणून "पाणी सोडलं तरी काय होत नाही" हे वाक्य मला जास्त धोक्याचं वाटतं. पहिलं वाक्य माणसाचा अपमान करतं. दुसरं वाक्य त्याचा जीव घेऊ शकतं, आणि तेही प्रेमाने.

*गांधींचं पाणी*

पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी स्थानबद्ध होते. १० फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय ७३. काही दिवसांत मळमळ एवढी वाढली की पाणी पोटात राहीना. लघवी कमी झाली. रक्तात विषारी कचरा साठून माणूस जाईल अशी भीती डॉक्टरांना वाटली. मग पाण्यात मोसंबीचा थोडा रस मिसळून दिला, पाणी पोटात राहू लागलं, किडनी चालू झाली आणि ३ मार्चला उपोषण पूर्ण झालं. पाणी पिता यावं म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळाचा रस घालेन हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं होतं. लपवाछपवी नव्हती. आणि त्यामुळे ते उपोषण कमअस्सल आहे असं इतिहासात कुणी लिहिलेलं मला माहीत नाही.

या प्रसंगातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत प्रकृतीची बुलेटिनं निघत होती, आणि त्यावर सरकारी डॉक्टरांच्या सह्या होत्या, तशाच गांधीजींचा विश्वास असलेल्या डॉक्टरांच्याही होत्या. डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर. इंग्रज सरकार आणि काँग्रेस यांच्यात त्या वेळी किती विश्वास होता ते सांगायला नको. तरी कागदावर दोन्हीकडची सही होती.

आता आपल्या १ सप्टेंबर २०२३ कडे बघा. ठिणगी कशावरून पडली? प्रकृतीच्या कारणावरून उपोषणकर्त्याला दवाखान्यात हलवायचा प्रयत्न झाला आणि गावाने विरोध केला. पोलीस म्हणत होते, जीव वाचवायला नेतोय. गाव म्हणत होतं, आंदोलन मोडायला नेताय. त्या गोंधळात लाठीमार, अश्रुधूर, दगडफेक. गावकरी आणि पोलीस दोन्ही जखमी. त्या दिवशी कोण बरोबर होतं याचा निवाडा मी करत नाही. एवढंच म्हणतो की त्या क्षणी दोन्ही बाजूंचा भरवसा असलेला एकही डॉक्टर मध्ये उभा नव्हता. बीपी किती, क्रिएटिनिन किती, लघवी किती, हे दोन्ही बाजूंना मान्य होईल असं सांगणारा कुणी नव्हता. शरीराचा प्रश्न होता आणि उत्तर काठीने दिलं गेलं.

*सलाईन म्हणजे जेवण नाही*

"सलाईन घेतली, म्हणजे उपोषण मोडलं" असं सर्रास म्हटलं जातं. साध्या सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं. उष्मांक शून्य. ग्लुकोजवाली पाच टक्क्यांची बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम साखर, शंभराहूनही कमी उष्मांक. एका भाकरीत याहून जास्त असतात. सलाईनने पोट भरत नाही, किडनीला आणि बीपीला आधार मिळतो. सलाईनवरून उपोषणकर्त्याला टोमणे मारणारी माणसं त्याला पाणी आणि उपचार सोडायला ढकलत असतात, हे त्यांच्याही लक्षात येत नसेल.

*सगळ्यात धोक्याचा दिवस: ज्यूसचा*

आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर एक फोटो आहे. मंत्री वाकलेत, हातात ज्यूसचा ग्लास, कॅमेऱ्यांची गर्दी, घोषणा, गुलाल. आपण म्हणतो, सुटलं बाबा एकदाचं.

शरीरासाठी मात्र त्या ग्लासापासून नवी परीक्षा सुरू होते. इतके दिवस इन्सुलिन झोपलेलं असतं. अचानक साखर आली की ते उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढलं जातं. त्यांचा साठा उपोषणात आधीच आटलेला असतो. फॉस्फेट फार खाली गेलं तर श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचा ठोका बिघडतो. साखर पचवायला जीवनसत्त्व बी-१ लागतं, तेही संपत आलेलं असतं. ते न देता साखर ओतली तर मेंदूला इजा होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना पोटभर खायला दिलं आणि त्यातले काही त्या खाण्यानेच गेले. जगाला हा धडा तेव्हा मिळाला.

म्हणून डॉक्टरांचा नियम असा आहे की पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काही गेलं नसेल तर सुरुवातीला गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न द्यायचं नाही. दहा दिवसांच्या वर असेल तर धोका आणखी मोठा, त्याहून हळू जायचं, आणि रोज रक्त तपासत जायचं. मंत्र्यांच्या हातून चार घोट घ्यायला हरकत नाही. पण त्यानंतर कुणी प्रेमाने पेढा भरवू नये, आणि गर्दीने सत्काराला खांद्यावर उचलून नेऊ नये. थेट दवाखाना.

*गावोगावच्या मंडपांचं काय?*

मोठ्या नेत्याभोवती डॉक्टर असतात, अँब्युलन्स असते, कॅमेरे असतात. मला जास्त काळजी वाटते ती पाठिंब्याला बसणाऱ्या पोरांची आणि म्हाताऱ्यांची. साखळी उपोषणात माणसं आळीपाळीने बसतात, ते त्या मानाने ठीक. पण जोशात कुणीतरी "मी बी आमरण" म्हणतो. शेजारी ना डॉक्टर, ना बीपीचं मशीन.

अशा मंडपांत मी पन्नाशी-साठीची माणसं पाहिलीत, ज्यांना शुगर आहे, बीपी आहे. काही जण जेवण बंद करून शुगरची गोळी चालू ठेवतात, कारण डॉक्टरने सांगितलंय "गोळी चुकवू नको". उपाशीपोटी काही गोळ्यांनी रक्तातली साखर एवढी खाली येते की माणूस बेशुद्ध पडतो. उलटं, इन्सुलिनवर असलेल्याने ते आपल्या मनाने बंद केलं तरी जिवावर बेततं. म्हणजे गोळी घेतली तरी पंचाईत, सोडली तरी पंचाईत. अशा माणसाने बसूच नये. बाळंतीण, गरोदर बाई, किडनीचा आजार असलेला, हृदयाचा आजार असलेला, अठरा वर्षांखालचं पोरगं, यांनीही बसू नये. पाठिंबा द्यायचे दुसरे शंभर मार्ग आहेत. मंडपातली सतरंजी उचलणं हाही पाठिंबाच आहे.

*मग करायचं काय?*

उपोषण करू नका, असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही, पद नाही, त्याच्याकडे शेवटी शरीरच उरतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं झालं. हे हत्यार महाराष्ट्राने पाहिलंय. ते उपसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण चार गोष्टी आपण आपल्या तालुक्यापुरत्या ठरवू शकतो.

एक. उपोषण सुरू व्हायच्या आधीच दोन डॉक्टर ठरावेत. एक सरकारी, एक उपोषणकर्त्याच्या विश्वासातला. जागतिक वैद्यक संघटनेची १९९१ ची माल्टा घोषणा हेच सांगते की उपोषणकर्त्याशी डॉक्टरने एकट्यात बोलावं, त्याची इच्छा समजून घ्यावी, बेशुद्ध पडल्यास काय करायचं ते आधीच विचारून ठेवावं, आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला जबरदस्तीने अन्न देऊ नये. डॉक्टर सरकारचाही नाही आणि आंदोलनाचाही नाही. तो त्या माणसाचा.

दोन. उपोषणकर्त्याची परवानगी असेल तर रोज संध्याकाळी दोघांच्या सहीचं बुलेटिन निघावं. नाडी, बीपी, वजन, किती पाणी घेतलं, तब्येत काय. परवानगी नसेल तर कुणाचेही रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत. खरं बुलेटिन असलं की "गुपचूप खातोय" आणि "शेवटच्या घटका मोजतोय" या दोन्ही अफवांची हवा निघते.

तीन. सरकारने पहिल्या दिवशी यावं. आपण काय बघत आलोय? शिष्टमंडळाची गाडी गावात शिरते ती तब्येत ढासळल्याची बातमी आल्यावर. यातून लोक काय शिकले? की निवेदनाला उत्तर मिळत नाही, मोर्चाला मिळत नाही, किडनीने तक्रार केली की मिळतं. मग पुढचा माणूस लवकर पाणी सोडतो. हा धडा सरकारनेच शिकवलाय, आणि तो सरकारनेच पुसायचाय. जे आश्वासन नवव्या दिवशी देता येतं ते दुसऱ्या दिवशी का देता येत नाही? आणि जे द्यायचंच नाही ते पहिल्याच दिवशी नाही म्हणून स्पष्ट सांगा. खोट्या आशेवर चरबी जळत नाही, माणूस जळतो.

चार. हे तुमच्या-माझ्यासाठी. पाणी सोडल्याच्या घोषणेवर टाळी वाजवू नका. तुमचा नेता असेल तर हात जोडून सांगा, "दादा, पाणी घ्या." विरोधातला असेल तर "ढोंग आहे" असं लिहायच्या आधी वरचं लिव्हरचं कलम पुन्हा वाचा. मंडपाबाहेरच्या फलकावर रोज आकडा बदलतो, चार, पाच, सहा. क्रिकेटच्या धावफलकासारखा. आत त्या प्रत्येक आकड्याला एक अवयव किंमत मोजत असतो.

अंतरवालीतलं लिव्हर आणि वडीगोद्रीतलं लिव्हर पहिल्या दिवसाच्या अखेरीला सारखंच रिकामं होतं. किडनी जातीचा दाखला मागत नाही. उद्या आपल्या तालुक्यात पुन्हा मंडप पडेल, या बाजूचा पडेल किंवा त्या बाजूचा. जो कुणी आत बसेल तो कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी पोरगा असेल. त्याची मागणी मान्य व्हावी की नाही यावर आपण भांडू, जन्मभर भांडू. पण तो उठून घरी चालत जावा, यावर तालुक्याचं एकमत व्हायला काय हरकत आहे?

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. विशेषतः ज्यांच्या गावात मंडप पडतो त्यांनी. कमेंटमध्ये मुद्द्यावर बोला, जात काढू नका. डॉक्टर मंडळींनी काही भर घालायची असेल तर जरूर घालावी.